दोन बोटांचा रकाना

मराठी वर्तमानपत्रं वाचत वाढलेल्या कुणालाही एक वाक्य पाठ असतं. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.' लहानपणी मला त्यातला फक्त पोपट दिसायचा. लाल चोचीचा, गज धरून बसलेला. खाक्या म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. ते सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे कुणी सांगत नाही. 'प्रसाद दिला', 'पाहुणचार केला', 'समाचार घेतला'. मारहाणीला आपण देवळातले आणि बैठकीच्या खोलीतले शब्द देऊन ठेवलेत.

पुढे कायदा शिकले, थोडी वकिली केली, मग शिकवायला लागले. एकदा वर्गासाठी कात्रणं काढताना हेच वाक्य पुन्हा समोर आलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. बातमीदारानं नकळत खरं लिहून ठेवलं होतं. पोपट स्वतःचं काही बोलत नाही. त्याला जे पढवलेलं असतं, तेच तो बोलतो.

कायद्याला हे फार आधीपासून ठाऊक आहे. मद्रास इलाख्यात रयतेचा छळ होतो का, याची चौकशी करायला नेमलेल्या आयोगानं १८५५ साली अहवाल दिला. होतो, महसूल वसूल करायलाही होतो आणि गुन्हा कबूल करवायलाही होतो, असं त्यात म्हटलं होतं. माणसाला वाकवून दोरीनं जखडून ठेवायचं, हात चिमट्यात पिळायचे, या प्रकारांना नावंसुद्धा होती. धंद्यातल्या हत्यारांना असतात तशी. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात तरतूद आली की पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. कलम २५. जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, कलमाचा आकडा २३ झाला, गाभा तोच राहिला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं कायदा बजावतोय की या पोपटाचं ऐकू नका. फक्त कबुलीतून एखादी वस्तू हाती लागली तर तेवढा भाग चालतो, अशी एक सवलत ठेवली आहे. पुढच्या दाराला कुलूप, मागच्या दाराची कडी काढलेली. थर्ड डिग्रीचा बराचसा व्यवहार त्या मागच्या दारानं चालतो, हे माझं वकिलीतलं मत. कुणाला पटो न पटो.

हे सगळं आठवण्याचं कारण दुसऱ्या पोपटाचं आहे. तो मी स्वतः पढवला.

पोलिस प्रशिक्षण केंद्रात 'मानवी हक्क' या विषयाचे तास घ्यायला मला बोलावू लागले, त्याला आता बारा वर्षं होतील. वेळापत्रकात माझी जागा ठरलेली. दुपारचा तास, जेवणानंतरचा. पहाटे मैदानात उतरलेली, दौड, पीटी, परेड आणि शस्त्रकवायत करून आलेली दोनशे पोरं-पोरी एका हॉलमध्ये बसवलेली. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे आणि झोप गाढ. मी कधी रागावले नाही. त्यांच्या जागी मीही झोपले असते.

पहिल्या वर्षी मी जीव तोडून शिकवलं. १९४८ चा जाहीरनामा, त्याची ३० कलमं. कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेली १९७९ ची आचारसंहिता, तिची ८ कलमं. १९८४ चा छळविरोधी करार, त्यातलं दहावं कलम खास आमच्यासारख्यांचं, कारण छळबंदीचं शिक्षण प्रशिक्षणातच द्या, असं ते सांगतं. मग कोठडीतल्या मृत्यूंवरच्या डी. के. बसू खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आणि अटकेच्या वेळी पाळायच्या ११ सूचना. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. मुलांनी भराभर उतरवून घेतलं.

तोंडी परीक्षेला एक मुलगा उभा राहिला. सावधानमध्ये. अकराच्या अकरा सूचना त्यानं दम न घेता म्हणून दाखवल्या. शेवटच्या सूचनेला आवाज चढला, पाढे म्हणताना दहाव्या ओळीला चढतो तसा. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "छान. आता समज, रात्रीचे दोन वाजलेत. तू कोठडीच्या दारात पहाऱ्यावर आहेस आणि आत तुझे वरिष्ठ एकाला मारतायत. काय करशील?"

तो गप्प झाला. शेजारच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

हॉल हसला, मीही हसले. घरी पोचेपर्यंत हसू ओसरलं होतं. नव्हतंच ते सिलॅबसमध्ये. कलमं होती, वर्षं होती. रात्रीचे दोन नव्हते.

त्याच दिवशी बाहेर पडताना मागून उस्तादांचा आवाज ऐकू आला होता. कवायत शिकवणाऱ्याला तिथं उस्ताद म्हणतात. "परीक्षेपुरतं नीट लिहा रे. बाकी ठाण्यात गेलात की कळेलच." आवाजात कुचेष्टा नव्हती, पोरांची काळजीच होती. मला वाईट वाटलं ते त्यामुळेच. माझं दोन तासांचं व्याख्यान आणि त्यांचं एक वाक्य यात पोरांच्या लक्षात काय राहणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कुठल्याही देशात, कुठल्याही गणवेशात, शिक्षण दोनदा होतं. एकदा वर्गात आणि मग पहिल्या नेमणुकीवर, जुन्या माणसाच्या हाताखाली. दुसरं शिक्षण पहिल्याला कसं गिळतं, त्याचं उदाहरण २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या रस्त्यावर सगळ्या जगानं पाहिलं. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा ठेवून त्यांचा जीव घेणारा पोलिस अधिकारी अनुभवी होता, नवख्यांना तयार करण्याचं काम त्याच्याकडे असे. त्याच्यासोबत दोघं असे होते की ज्यांना पूर्ण अधिकारी होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. सहकारी जादा बळ वापरत असेल तर मध्ये पडणं बंधनकारक आहे, हा नियम त्या दलाच्या पुस्तकात २०१६ पासून छापलेला होता. नवख्यांपैकी एकानं दोनदा विचारलं, याला कुशीवर वळवायचं का? वरिष्ठानं नाही म्हटलं. विषय संपला. ते नऊ मिनिटं एकोणतीस सेकंदांचं चित्रण मी वर्गात कधीच दाखवलं नाही, पण त्या दोन प्रश्नांबद्दल दर वर्षी बोलते. पोराला शिकवलेलं आठवत होतं. ते प्रश्न म्हणून तोंडातून बाहेरही आलं. मात्र विचारणं आणि हात धरून बाजूला ओढणं यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यावर वर्गात कुणी पूल बांधून दिलेला नव्हता.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे १९६१ साली सुरू झालेले प्रयोग बऱ्याच वाचकांना माहीत असतील. आज्ञा झाली म्हणून समोरच्याला विजेचे झटके देत शेवटच्या बटणापर्यंत गेलेली ४० पैकी २६ साधी माणसं. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. सांगताना लोक इथंच थांबतात आणि मान हलवून माणसाच्या जातीला नावं ठेवतात. त्याच प्रयोगाचे पुढचे प्रकार मला जास्त मोलाचे वाटतात. आज्ञा देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगू लागला, तर शेवटपर्यंत जाणारे पाचात एक उरले. आणि शेजारी बसलेल्या दोन जोडीदारांनी 'आम्ही नाही करणार' म्हणून उठायचं ठरवलेलं असलं, तर ४० पैकी फक्त ४. माणसं तशीच, आज्ञा तीच. फरक शेजारी कोण बसलंय याचा.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी वर्षं आणि कलमं एका पानावर छापून देते आणि तासाला रात्रीचे दोन वाजवते. एक जण आरोपी, एक वरिष्ठ, एक पहाऱ्यावरचा. पहाऱ्यावरच्यानं फक्त एक वाक्य शोधायचं, जे त्याला खरोखर बोलता येईल. सुरुवातीला सगळे भाषण ठोकतात, 'साहेब, हे घटनेच्या एकविसाव्या कलमाचं उल्लंघन आहे'. सगळे हसतात. मग हळूहळू खरी वाक्यं येतात. 'साहेब, तुमचा फोन वाजतोय.' 'साहेब, आता मी बसतो याच्याशी, तुम्ही चहा घ्या.' 'साहेब, याला काही झालं तर नाव तुमचं येईल.' एका मुलीनं सुचवलेलं मला फार आवडलं. "मी काही बोलणार नाही मॅडम, नुसती आत जाऊन उभी राहीन." मैदानावर शंभरदा केलेली सलामी जशी आपोआप येते, तसं एखादं वाक्य तोंडात बसवून ठेवायचं, एवढाच माझा हेतू. तेही पढवणंच झालं, मान्य आहे.

आणि मारू नका एवढं सांगून भागत नाही, मग करायचं काय तेही सांगावं लागतं. उस्तादांनी मला एकदा सरळच विचारलं होतं, "मॅडम, न मारता बोलेल का तो?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये याचं उत्तर शोधायला आधी फार मोठी किंमत मोजावी लागली. गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅम इथल्या १९७४ च्या बॉम्बस्फोटांनंतर पकडलेल्यांपैकी बहुतेकांनी कबुली दिली आणि ती माणसं जन्मठेपेला गेली. गिल्डफर्डचे चौघं १९८९ मध्ये, बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ मध्ये सुटले. पंधरा-सोळा वर्षं निरपराध माणसं आत आणि त्या स्फोटांसाठी खऱ्या गुन्हेगारांना शिक्षाच नाही. उस्तादांच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. तो बोलेल, नक्की बोलेल, पण तुम्हाला हवं ते बोलेल आणि खरा माणूस हातचा जाईल.

तिथं १९८४ च्या कायद्यानंतर जबाब टेपवर घेणं सुरू झालं. पुढं त्या टेप अभ्यासकांनी ऐकल्या. बाहेरच्यांना वाटत होतं, आत काहीतरी भयंकर कसब चालत असेल. ऐकू आलं ते भलतंच. तयारी न करता आलेले अधिकारी, तोच तोच प्रश्न, समोरचा गुन्हेगारच आहे हे धरून चालणं. थोडक्यात, कामच येत नव्हतं. मग १९९२ मध्ये जबाब घेण्याची नवी पद्धत सगळ्या दलांना शिकवायला घेतली. आधी तयारी करा, ओळख करून द्या, त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या, मग पुराव्याशी ताडून विसंगती दाखवा, शेवटी आपलं काम तपासा. कबुली मिळवणं हा हेतूच काढून टाकला, माहिती मिळवणं हा ठेवला. ऐकायला फारच साधं वाटतं. पण खोलीत टेप ठेवली नसती, तर काम येत नाही हे कळलंच नसतं. मारहाण ही बऱ्याचदा अज्ञानावर घातलेली सतरंजी असते, आणि ती उचलायला बाहेरचा हात लागतो.

इथं माझ्या तासाची हद्द संपते.

काही वर्षांपूर्वी मला एका पाहणी समितीवर घेतलं. कोठड्यांची पाहणी करायची, अटकेतल्यांशी बोलायचं, अहवाल द्यायचा. पहिल्या भेटीचं पत्र आठ दिवस आधी गेलं होतं. आत पाऊल टाकताच ओल्या रंगाचा आणि फिनेलचा वास आला. भिंतीला टेकू नका, असं सांगावं लागलं. चादरी चार कोपरे जुळवून घातलेल्या. अटकेतल्या माणसाच्या हक्कांचा फलक लावलेला होता, पण अशा भिंतीवर की दार उघडलं की दाराआड जायचा. आणि दार दिवसभर उघडंच असायचं.

आत दोघं होते. काही त्रास आहे का, असं मी विचारलं. दोघांनी एकदम माझ्या खांद्यामागे पाहिलं आणि एका सुरात म्हटलं, "नाही मॅडम." मागे अधिकारी उभे होते, हसतमुख.

मग नोंदवही मागवली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. दर दोन तासांनी आरोपीला पाहून नोंद करायची असते. रकाने आखलेले: वेळ, स्थिती, तक्रार, सही, शेरा. गेल्या आठ दिवसांची पानं एका शाईत, एका तिरप्या अक्षरात, एका दमात लिहिल्यासारखी. प्रकृती ठीक, तक्रार नाही. प्रकृती ठीक, तक्रार नाही. खाली येत येत मी त्या दिवसाच्या नोंदींपर्यंत आले. दुपारी दोन: प्रकृती ठीक, तक्रार नाही. दुपारी चार: प्रकृती ठीक, तक्रार नाही.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

खाली सहाचीही नोंद होती, आठचीही. रात्री दहाला तो माणूस कसा असणार आहे, हेही वहीला माहीत होतं. मी पान अधिकाऱ्यांपुढे धरलं. ते ओशाळले, पण ज्याबद्दल ओशाळायला हवं त्याबद्दल नाही. "रायटरची चूक झाली, मॅडम. अहो, आज कामाचा फार लोड होता."

आम्ही अहवालात लिहिलं. वेळांसकट लिहिलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: 'संबंधितांस समज देण्यात आली.' मला आजवर कळलं नाही की संबंधितांना कसली समज दिली. पुढच्या वेळी पाहुणे येणार असतील तर आधीच नोंदी करू नका, एवढीच दिली असण्याची शक्यता जास्त.

तेव्हापासून नागरी देखरेख म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मी ते घड्याळ आणि ती वही सांगते. बाहेरच्या माणसाला न कळवता दारावर येता आलं पाहिजे, आणि आल्यावर दार उघडलं पाहिजे. बाकीचं सगळं त्यावर उभं असतं. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात १९८१ मध्ये दंगली उसळल्या, त्यांच्या चौकशीनंतर न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांनी अशा भेटींची शिफारस केली. आज तिथं साधे नागरिक, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त कारकून, दोघादोघांच्या जोडीनं दिवसा-रात्री कधीही ठाण्यावर जातात, त्यांना विनाकारण थांबवून ठेवता येत नाही, आणि त्याला २००२ च्या कायद्याचा आधार आहे. हीच कल्पना छळविरोधी कराराच्या जोड-करारानं जगभर नेली, तो २००६ मध्ये लागू झाला. भारतानं मूळ करारावर १९९७ मध्ये सही केली, मंजुरी मात्र दिलेली नाही. सही केलेलं आणि पोचतं न केलेलं असं आपल्याकडे बरंच काही असतं, त्यात हे एक.

देखरेखीचा विषय निघाला की समोरून एक शब्द हमखास येतो: मनोधैर्य. 'अशानं पोलिसांचं मनोधैर्य खच्ची होईल.' या शब्दापुढे मंत्री गप्प होतात, संपादक गप्प होतात. मी उत्तर आयर्लंडचं उदाहरण देते, कारण मनोधैर्याची कसोटी तिथल्याइतकी फार थोड्या ठिकाणी लागली असेल. तीस वर्षांच्या हिंसाचारात शेकडो पोलिस मारले गेले होते आणि समाजाच्या मोठ्या भागाचा त्या दलावर विश्वास नव्हता. ब्रिटिश राजकारणी क्रिस पॅटन यांच्या आयोगानं १९९९ मध्ये १७५ शिफारशी केल्या. दलाचं नाव बदललं, शपथ बदलली, तिच्यात मूलभूत मानवी हक्क राखण्याचे शब्द आले. प्रशिक्षणाबद्दल आयोगाचं म्हणणं मला फार पटतं: मानवी हक्कांचा वेगळा तास ठेवून भागणार नाही, प्रत्येक विषयाच्या शिकवणीत ते मिसळा. म्हणजे लाठी शिकवतानाच शिकवा, झडती शिकवतानाच शिकवा. थोडक्यात, जेवणानंतरची मॅडम बंद करा आणि उस्तादांना शिकवू द्या.

नोव्हेंबर २००० मध्ये तिथं पोलिस लोकपालाचं कार्यालय उघडलं. स्वतःचे तपास अधिकारी, तक्रार नसतानाही चौकशी करण्याचा अधिकार. पहिल्या लोकपाल नुआला ओलोन. ओमा इथल्या १९९८ च्या बॉम्बस्फोटाच्या तपासावर त्यांनी २००१ मध्येच असा अहवाल दिला की पोलिसप्रमुखांशी जाहीर खटका उडाला. दल मोडून पडलं नाही. ज्या वस्त्यांतून पूर्वी फारसं कुणी भरतीला जात नव्हतं, तिथून मुलं भरती होऊ लागली. तेही एका अर्थी मनोधैर्यच, फक्त कुंपणाच्या दुसऱ्या बाजूचं.

भारतात पोलिस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्याच्या निकालात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिस तक्रार प्राधिकरणं स्थापायला सांगितली, राज्य पातळीवर आणि जिल्ह्यात, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली. शिफारशी बंधनकारक असतील, असंही म्हटलं. राज्यांनी कायदे करताना त्यात किती पाणी घातलं, यावर वेगळा लेख होईल. तो मला आत्ता लिहायचा नाही, लिहिताना डोकं तापतं.

त्यापेक्षा मामाचं सांगते. माझा मामा हवालदार म्हणून निवृत्त झाला. हे तास मी घ्यायला लागले तेव्हा त्याला अभिमान वाटला होता आणि थोडं हसूही आलं होतं. एकदा निवांत बसलो असताना मी विचारलंच, "मामा, तू कधी मारलंस का रे कुणाला?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ठरवून कुणी मारायला बसत नाही गं. वरून फोन येतो, सकाळपर्यंत उलगडा पाहिजे. ज्यानं फोन केला त्याला वरून आलेला असतो. दिवसभर साहेबानं चारचौघांत आईवरून शिव्या घातलेल्या असतात. रात्री समोर जो येतो, त्याच्यावर निघतं." थोड्या वेळानं त्यानं मलाच विचारलं, "तू पोरांना सगळ्यांचे हक्क शिकवतेस. त्यांची स्वतःची रजा नाकारली तर दाद कुठं मागायची, ते शिकवतेस का?"

हे समर्थन नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण माझ्या सगळ्या पानांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पुढे जर्मनीच्या सैन्याबद्दल वाचताना मामाचा प्रश्न पुन्हा भेटला. महायुद्धानंतर त्यांनी नवं सैन्य उभारलं, ते सैनिक म्हणजे गणवेशातला नागरिक या कल्पनेवर. १९५६ मध्ये घटनेत दुरुस्ती करून संसदेचा एक आयुक्त नेमायची सोय केली. कुठलाही सैनिक, वरिष्ठांची सगळी उतरंड ओलांडून, त्याला थेट पत्र लिहू शकतो. आयुक्त कुठल्याही छावणीत न कळवता जाऊ शकतो. दर वर्षी त्याचा अहवाल छापून निघतो, आणि त्यात अपमानाच्या, छळाच्या तक्रारींबरोबर गळकी छपरं आणि अपुरी साधनंही असतात. तिथल्या सैनिक कायद्यात हेही लिहिलंय की माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालणारी आज्ञा पाळली नाही तर ती अवज्ञा ठरत नाही. ज्याचं स्वतःचं गळकं छप्पर कुणीतरी मनावर घेतं, त्याला दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेणं इतकं परकं वाटत नसावं. मामाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "छपराचंसुद्धा लिहून घेतात?" आणि कितीतरी वेळ त्याच एका गोष्टीवर अडकून राहिला.

अलीकडची एक भेट सांगते. आता आमच्या समितीला पत्र न पाठवता जाता येतं. त्यासाठी चार वर्षं कागद हलवावे लागले. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आम्ही दोघी एका ठाण्यावर पोचलो. रंगाचा वास नव्हता, चादरी विस्कटलेल्या होत्या, आणि मला उगाच बरं वाटलं. कोठडीच्या पहाऱ्यावर एक तरुण शिपाई मुलगी होती. तिनं मला ओळखलं.

"मॅडम, मी तुमच्या तासाला होते. तिसऱ्या रांगेत."

"आठवतंय का काही?"

"खरं सांगू? झोपायचे मी." मग जरा थांबून म्हणाली, "पण ते रात्री दोनचं केलं होतं, तेव्हा जागी होते."

नोंदवही तशीच, लांबट, लाल कापडाची. सहाची नोंद झालेली, आठची रिकामी. मी काही बोलले नाही. माझी सहकारी कोठडीतल्या माणसाशी बोलून आली, मी फलक कुठे लावलाय ते पाहिलं. आठ वाजले तशी ती मुलगी वही घेऊन गजापाशी गेली. आमच्यासाठी केलं असेल का? असेलही. पण तिनं गजाच्या आत पाहून, वहीत न पाहता विचारलं, "काही त्रास आहे का?"

आतला माणूस पन्नाशीचा असावा. त्यानं आधी तिच्या खांद्यामागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग तो बोलू लागला. दाढ दुखतेय, परवापासून, काही चावता येत नाही. रात्रीची रक्तदाबाची गोळी असते, ती घरी राहिली. आपण इथं आहोत हे म्हाताऱ्या आईला सांगितलंय की नाही, ते कळलेलं नाही. सांगितलं असेल तर कुणी सांगितलं, कारण तिला मोठ्यानं बोललं तरच ऐकू जातं. आणि चष्मा, तो अटकेच्या वेळी काढून घेतला, तो कुठं आहे.

मुलगी ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं वही टेबलावर ठेवली आणि 'तक्रार'च्या रकान्यावर पेन टेकवलं. दोन बोटांचा रकाना, 'तक्रार नाही' एवढंच मावावं अशा बेतानं छापलेला. दाढ लिहून झाली तेवढ्यात तो भरला. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. मग ती रेघ ओलांडून लिहीत गेली, सहीच्या रकान्यात, शेऱ्याच्या रकान्यात, तिथून समासात. आई अजून लिहायची राहिली होती. तिनं पान उलटलं.